पोपटाच्या शेंगा आणि लांडोर

आई गेल्यावर पाचव्या महिन्यात मी बाबांना पुण्यात, धायरीला घेऊन आले. वर्ध्याजवळच्या आमच्या गावी भाऊ आहे, वहिनी आहे, शेती भाऊच बघतो. पण बाबांचं जेवण निम्म्यावर आलं होतं आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. "तू ने काही दिवस," भाऊ फोनवर म्हणाला, "जागा बदलली तर बरं वाटेल त्यांना." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जागा बदलल्यावर माणसाला बरं वाटतं की आणखी वाईट, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

येताना त्यांनी एकच पिशवी आणली. दोन धोतरं, सदरे, औषधं, आणि जुन्या पातळाच्या चिंध्यांत बांधलेल्या बियांच्या पुरचुंड्या. वांगी, मिरची, मेथी आणि पोपट. आमच्या विदर्भात वालासारख्या एका शेंगेला पोपट म्हणतात. हिवाळ्यात तिचे हिरवे दाणे सोलून रस्साभाजी करतात. ती बी आई दरवर्षी धरून ठेवायची. पुरचुंडीची गाठ तिनेच मारलेली होती, कारण बाबांना तशी गाठ येत नाही.

आमचं रो-हाऊस गल्लीच्या टोकाला आहे. मागे तीस फूट बाय वीस फुटांची मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे टेकडीचा उतार. बारा वर्षांत त्या जागेचा उपयोग मी फुटक्या कुंड्या आणि बंद पडलेली स्कूटर ठेवण्यापुरता केला होता. मी हिंजवडीच्या एका कंपनीत काम करते. आठवड्याचे दोन दिवस कंपनीच्या बसने जाते, तीन दिवस घरून. नवरा कामासाठी महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. त्यामुळे घरात दिवसभर बाबा आणि मी. मी लॅपटॉपसमोर आणि ते मागच्या पायरीवर.

आठवडाभर ते नुसते बसून होते. मग एके दिवशी मला म्हणाले, "इथली माती मेली हाये. खाली निरा मुरूम."

ते त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं. मी त्याच संध्याकाळी माती आणि शेणखताची गाडी सांगितली.

श्रावण संपता संपता त्यांनी वाफे केले, बांबूंचा मांडव उभारला, बिया टोकल्या. दसऱ्यापर्यंत पोपटाचा वेल मांडवावर चढला होता. कार्यालयात असतानाही मला वेलाचे फोटो येऊ लागले. बाबांनी फोटो काढायला शिकून घेतलं होतं आणि प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा असायचा. ते दोन वेळा नीट जेवू लागले. आईबद्दल मात्र एक शब्द नाही. मी विषय काढला की उठून पाणी घालायला जायचे.

टोमॅटो लाल व्हायला लागले तेव्हा मोर आले.

मोर आमच्या टेकडीवर पूर्वीपासून आहेत. गल्लीत त्यांची जबाबदारी मात्र एका बाईंनी घेतली होती. आमच्या शेजारच्या काकू. सत्तरीच्या, एकट्या, जन्म पुण्याच्या पेठेतला, मुलगी परदेशात. त्या रोज सकाळी सातला मागच्या कठड्यावर ज्वारी आणि तांदूळ टाकायच्या. एक मोर, चार लांडोरी आणि त्या वर्षीची तीन पिल्लं उतारावरून चालत यायची, दाणे टिपायची आणि परत जायची. काकू त्यांचे व्हिडिओ मुलीला पाठवत. मलाही पाठवत, भिंतीपलीकडून.

आता दाणे संपल्यावर ती मंडळी परत जाईनात. ती भिंत ओलांडून आमच्याकडे येऊ लागली. टोमॅटोला एक एक चोच मारून सोडून द्यायची. पूर्ण खाल्ला असता तर निदान समाधान वाटलं असतं. मेथीचे शेंडे, वांग्याची फुलं, पोपटाच्या कोवळ्या शेंगा, सगळ्यांची चव घेऊन झाली.

बाबांनी आयुष्यभर रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकलले होते. त्यांनी कामाला हात घातला. प्रथम बुजगावणं केलं, माझ्या नवऱ्याचा निळा शर्ट घालून. दुसऱ्या दिवशी एक लांडोर त्याच्या हातावर बसलेली दिसली. मग जुन्या सीडी टांगल्या. त्या उन्हात चमकल्या की मोर मान वाकडी करून त्यांच्यात स्वतःला बघायचा. शेवटी बाबा थाळी आणि चमचा घेऊन बसू लागले. माझ्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी बोलायला माइक सुरू केला की मागून "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" आणि थाळीचा गजर. एका सहकाऱ्याने विचारलं, "घरी काही कार्यक्रम आहे का?" मी हो म्हणून टाकलं.

थाळीने फरक पडला, पण काकूंना तो आवडला नाही. त्या भिंतीपाशी आल्या.

"अहो काका, मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे. वांगी मंडईत मिळतात."

बाबांनी थाळी खाली ठेवली. "मोर राष्ट्राचा असंल बाई. वांगे माहे हायेत."

"आपण त्यांना घाबरवता. सकाळी सकाळी माझे ठोके वाढतात, त्यांचं काय होत असेल?"

"तुम्ही जेवाले बोलावता अन् हात धुवाले माह्या घरी पाठवता. मी काय करू?"

काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर व्हिडिओ यायचे बंद झाले. बाबा त्यांना 'मोरवाल्या बाई' म्हणू लागले, आणि काकू मला गल्लीत भेटल्या की विचारायच्या, "तुमच्याकडचा बँड आज सुट्टीवर का?"

मी दोघांच्या मधे सापडले होते. बाबा सकाळी साडेसहापासून दहापर्यंत जागचे हलायचे नाहीत. थंडी सुरू झाली होती, त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी सकाळचं गार वारं टाळायला सांगितलं. म्हणून मी ऑनलाइन नायलॉनची जाळी मागवली, हिरवी, बारीक दोऱ्याची. पाकिटावर लिहिलं होतं, दहा मिनिटांत बसवा.

मी ती दोन मीटिंगच्या मधल्या अर्ध्या तासात बसवली. बाबा खालून सूचना देत होते. "ताणून घे. बुडाले दगडं ठेव. झोळ नको ठेवू, झोळात पाय अटकते."

"हो बाबा."

"तिकडच्या कोपऱ्यात सैल रायली पाह्य."

"संध्याकाळी करते."

संध्याकाळी माझं काम लांबलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची बस लवकर होती. तिसऱ्या दिवशी मी विसरले. बाबांना वाकता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी दोनदा आठवण करून दिली आणि मग सोडून दिलं. जाळी काम करत होती. पाच दिवस एकही टोमॅटो फुटला नाही. बाबा उशिरा उठू लागले, खोकला कमी झाला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सहाव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते आणि मागून असा आवाज आला की माझ्या हातातली आल्याची किसणी खाली पडली. मोराचं ओरडणं मला माहीत होतं. हे तसं नव्हतं.

त्या सैल कोपऱ्यात एक पिल्लू अडकलं होतं. पिल्लू म्हणजे चांगलं कोंबडीएवढं, त्या वर्षी पावसाळ्यात जन्मलेलं. जाळीचा झोळ त्याच्या एका पायाला आणि पंखाला गुंडाळला गेला होता आणि ते जितकं झटापट करत होतं तितका दोरा आत रुतत होता. त्याची आई भिंतीवर इकडून तिकडे धावत होती. बाकीच्या लांडोरी उतारावर उभ्या राहून ओरडत होत्या.

मी धावले, जवळ गेले आणि थिजले. पिल्लानं पंख आपटला तसं माझ्या पायावर रक्ताचे थेंब उडाले. कुठे धरायचं तेच मला कळेना.

"हात नको लावू!" बाबा पायऱ्या उतरत होते, स्वेटर नाही, चपला नाहीत. "डोळे झाक त्याचे. कपडा आन. कपडा!"

माझ्या अंगावर ओढणी नव्हती. मी घरात पळणार तेवढ्यात काकू आमच्या पुढच्या दारातून सरळ घर ओलांडून मागे आल्या. त्याही अनवाणी. काय झालं हे विचारलंसुद्धा नाही. त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि बाबांकडे बघितलं.

"टाका डोक्यावर. हळू. आता दोन्हीकून धरा, पंख आंगाले लागले पायजे. दाबू नका."

काकू जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या एरवी खुर्चीशिवाय बसत नाहीत. त्यांनी शालीसकट पिल्लू मांडीशी घेतलं. अंधार झाल्याबरोबर ते गप्प झालं. आता फक्त त्याची छाती धडधडताना शालीवरून दिसत होती.

"मला चावेल का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही चावत. तुमीच तर खाऊ घालता त्याले."

मी स्वयंपाकघरातली कात्री आणली. बाबांनी ती घेतली, पण त्यांचे हात थंडीने किंवा वयाने कापत होते. त्यांनी कात्री मला परत दिली. "तू काप. मी सांगतो."

एकेक दोरा त्यांनी बोटाने उचलून धरला आणि मी कापला. पायाजवळचा दोरा कातडीत गेला होता. तिथे कात्रीचं टोक घालताना माझे डोळे भरून आले आणि मला दिसेना. "घाई नाही," बाबा म्हणाले. "डोये पूस अन् मंग काप." ते पिल्लाशीही बोलत होते, अगदी हळू. "थांब माय. झालं. झालं आता."

पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. सुटल्यावर आम्ही त्याला पोपटाच्या मांडवाखाली ठेवलं. ते उभं राहीना. काकूंनी प्राणी-पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. तिकडच्या माणसाने व्हिडिओवर पाय बघितला आणि सांगितलं, हाड मोडलेलं दिसत नाही, आई जवळ आहे तोवर हलवू नका, कुत्र्या-मांजरांपासून जपा, दुपारपर्यंत उठलं नाही तर आम्ही येतो. आणि ती जाळी काढा.

जाळी मी तेव्हाच काढली. काढली म्हणजे फाडली. मला एक मिनिटही ती डोळ्यांसमोर नको होती. मी ऑफिसला सुट्टी कळवली आणि आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसून राहिलो. काकूंच्या शालीला रक्त लागलं होतं, ती त्यांनी तशीच गुंडाळून मांडीवर घेतली होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मी कोपरा बांधला नाही."

बाबांनी विचारलं, "तुह्या आईनं कुत्रं पाळलं होतं. काळं. आठवते तुले?"

मला आठवत होतं. मी आठ-नऊ वर्षांची होते. शाळेतून यायच्या वाटेवर ते नाल्यापर्यंत आणायला यायचं. "त्याला वाघानं नेलं ना?"

"वाघानं नाही नेलं. माह्या फाशात मेलं."

काकूंनी त्यांच्याकडे मान वळवली. बाबा मांडवाकडे बघत सांगत होते.

"त्या वर्षी डुकरं भुईमूग ठेवूनच नाही रायले होते. मी सायकलच्या ब्रेकची तार घेतली अन् कुंपनाच्या भोकात फासा लावला. तुही आई म्हने, नका लावू. मी म्हटलं, तुले काय समजते शेतीतलं. सकाळी जाऊन पाह्यतो त कुत्रं. रातभर ओढलं असंल त्यानं. मी घरी येऊन सांगतलं. तिनं पावडं घेतलं अन् आपल्या हातानं खड्डा खनला. मले हात नाही लावू देला."

"मग?"

"मंग संध्याकाळी म्हने, पोट्ट्याइले वाघानं नेलं म्हनून सांगा. अन् आजपासून तार लावाची नाही. डुकरं हाकलाचे असंल त सोता बसा मचानावर." त्यांनी नाक ओढलं. "म्हनून मी इतके वर्ष वावरात झोपलो."

माझ्या लहानपणात बाबा रात्री घरी नसत. पीक उभं असलं की जेवण करून कंदील घेऊन शेतावर जायचे आणि उजाडल्यावर यायचे. मी नेहमी समजत आले की त्यांना आमच्यापेक्षा शेत जास्त प्रिय आहे. मोठेपणी एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी तेव्हाही काही सांगितलं नव्हतं, आणि आईनेही नाही.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते. आपल्याला साखर चालते का?"

"चालते," बाबा म्हणाले. मधुमेह असूनही.

साडेअकराच्या सुमारास पिल्लू उठलं. दोन पावलं टाकून बसलं, परत उठलं. भिंतीवरची लांडोर खाली उतरली, त्याच्याभोवती फिरली आणि उताराकडे चालू लागली. ते लंगडत तिच्यामागे गेलं. मधे थांबलं तेव्हा तीही थांबली. झुडपांपलीकडे दोघं दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण काकूंच्या मनाने वेगळंच घेतलं. "मीच त्यांना या बाजूची सवय लावली," असं म्हणून त्यांनी दाणे टाकायचे बंद केले. कठडा धुऊन पुसून ठेवला. झालं असं की ज्या पक्ष्यांना महिनोन्महिने सातला न्याहारी मिळत होती ते वेळेवर आले, कठडा रिकामा बघितला आणि सगळेच्या सगळे आमच्याकडे उतरले. तीन दिवसांत मेथीचा वाफा भुईसपाट झाला. आता जाळी नव्हती, आणि बाबांना थाळी वाजवायची इच्छा होत नव्हती.

चौथ्या दिवशी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि काकूंच्या दारावर जाऊन बेल वाजवली. मी मागे होतेच.

"बाई, दाने टाका."

"अहो काका, आपणच तर…"

"एकदम बंद कराल त ते जातीन कुठं? टाका. पन इथं नका टाकू. थोडे थोडे, अन् उतारावर लांब. मंग रोज जरासे कमी करत जा. मी येतो टाकाले."

तेव्हापासून रोज सकाळी सातला दोघं आमच्या मागच्या फाटकातून टेकडीच्या उतारावर जाऊ लागली. बाबांच्या हातात काठी, काकूंच्या हातात डबा. रोज थोडं पुढे. बाबांच्या अंगात स्वेटर, त्यावर मफलर. मफलर काकूंनी गुंडाळायला लावला. परत आल्यावर दोघं दहापर्यंत खाटेवर आणि खुर्चीवर बसून राखण करायची. थाळीऐवजी आता काकूंची छत्री होती. लांडोर भिंतीवर आली की त्या ती फटकन उघडायच्या. एवढं पुरायचं.

खारी आणि बुलबुल छत्रीला जुमानत नव्हते. त्यासाठी काकूंनी माझ्याकडच्या जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या, त्यांच्या पायाच्या मशीनवर. टोमॅटोच्या घोसाला एक, वांग्याला एक, तोंडाशी नाडी. नाडी बांधायचं काम माझं होतं. या वेळी मी प्रत्येक पिशवी बाबांना दाखवून बांधली. पिशवीत दोरा सैल लोंबत नाही ना, हे ते बोट फिरवून बघायचे.

सगळं वाचलं नाही. निम्मे टोमॅटो गेले. मिरच्या पोपटांनी नेल्या, खऱ्या पोपटांनी. मांडवाच्या बाहेरच्या बाजूच्या शेंगा मोरांनी ठेवल्या नाहीत. पण आतल्या बाजूला, पानांच्या आड, भरपूर लागल्या. जानेवारीत एका रविवारी आम्ही तिघांनी बसून त्या सोलल्या. बाबांनी मला वाटण सांगितलं. तीळ, खोबरं, लसूण, वाळलेल्या मिरच्या. "तुही आई याच्यात जरासा जवस टाके," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले. मग बोलतच राहिले. तिला लग्नात आलेला ताप, भांडण झालं तरी तिचं माहेरी न जाणं, तिचं बी धरणं. काकू मधेमधे प्रश्न विचारत होत्या. मी दाणे सोलत ऐकत होते आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी मला नवीन होत्या.

काकूंनी भाजी दोनदा घेतली. पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिखट आमच्याकडे एवढं वर्षाला लागत नाही. पण चव आहे."

बाबा मला म्हणाले, "आवडली म्हनते का?"

"आवडली," मी म्हणाले. "पुण्यात याहून जास्त म्हणत नाहीत."

फेब्रुवारीत मोराचा झडलेला पिसारा परत भरू लागला. बाबांचा अंगठा असलेला त्याचा फोटो काकूंच्या मुलीला गेला. लंगडणारं पिल्लू आम्हाला दोन-तीनदा दिसलं, किंवा आम्हाला वाटलं की ते तेच आहे. एव्हाना सगळी सारखीच दिसत होती.

त्याच सुमारास गावाहून भावाचा फोन आला. हरभरा काढणीला आला होता. त्याने बाबांना विचारलं, "आता बरं वाटते न? येता का मंग? घरी सगळे वाट पाहून रायले."

बाबा फोन कानाला लावून मागच्या पायरीवर उभे होते. समोर वांग्याच्या दोन ओळी, वाळत आलेला मांडव, मच्छरदाणीच्या पिशव्या आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या काकू.

"येतो न," ते म्हणाले. "उन्हाळ्यात येतो. आता मले वावर सोडून कसं येता येईन?"